नवतप्यात टिकेल असं सोया वॅक्स शोधताना

घरी सुगंधी मेणबत्त्या करायच्या तर सोया वॅक्स, म्हणजे सोयाबीनच्या तेलाचं मेण घ्या, एवढं सगळे सांगतात, पण कुठलं सोया वॅक्स हे कोणी नीट सांगत नाही. मी गेलं जवळपास वर्षभर हेच करतेय, वेगवेगळ्या जातीचं सोया वॅक्स थोडं थोडं आणायचं, सारख्याच ग्लासात ओतायचं, जाळायचं आणि वहीत लिहायचं. मी नागपूरला राहते हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाइट गेली आणि कूलर बंद पडला की दुपारी कपाटातल्या स्टीलच्या डब्यांनाही हात लावला तर गरम लागतात, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे हाच पारा १० च्या आसपास उतरतो. यूट्यूबवरच्या बहुतेक बायका ज्या खोलीत मेणबत्त्या ओततात ती वर्षभर २०-२२ डिग्रीला असते. त्यांचं खोटं काहीच नाही, पण त्यांचा सल्ला जसाच्या तसा आपल्या ओट्यावर चालेल असं धरून चालता येत नाही.

पहिली पिशवी उघडली तेव्हा आई जवळच होती. पांढरेशुभ्र, किंचित पिवळट झाक असलेले पातळ कपचे, बोटात धरून चोळले की तुपकट होऊन विरघळणारे. आईने एक कपचा चोळला, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर डालडाच आहे की." आणि ते अगदी खरं आहे. सोयाबीनच्या तेलात मुख्यतः असंतृप्त फॅटी ऍसिडं असतात म्हणून ते पातळ राहतं, त्याच्यात निकेलच्या मदतीने हायड्रोजन घातला की ते घट्ट होत जातं, वनस्पती तूप करायची रीत हीच. थोडा हायड्रोजन घातला तर मऊ, जास्त घातला तर कडक, आणि पूर्ण हायड्रोजनेट केलेलं सोया तेल ७० डिग्रीच्या जवळपास जाऊन वितळतं. म्हणजे सोया वॅक्स किती कडक ठेवायचं हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवात मायकल रिचर्ड्स यांनी सोया वॅक्सची मेणबत्ती बनवली, मधमाशीच्या मेणाला स्वस्त पर्याय म्हणून, आणि तिथून हा सगळा धंदा वाढला. आपल्याकडे तो हल्लीच आलाय.

आता मुद्द्याची गोष्ट. ग्लासात ओतायच्या वॅक्सचा, म्हणजे कंटेनर वॅक्सचा, मेल्टिंग पॉइंट कमी असतो. जगभर खूप वापरलं जाणारं गोल्डन वॅक्स ४६४ घ्या, त्याचा मेल्टिंग पॉइंट साधारण ४६ ते ४९ डिग्री दिलेला असतो. त्याच कंपनीचं ४४४ साधारण ५० ते ५२ चं, ते मुद्दाम गरम प्रदेशासाठी सुचवतात. आणि साच्यात ओतून उभ्या करायच्या पिलर मेणबत्त्यांचं सोया त्याच्याही वर. हे आकडे वाचून आधी काही वाटत नाही, दोन-चार डिग्रीचाच तर फरक. पण नागपुरात मे महिन्यात दुपारी बंद खोलीत थर्मामीटर ठेवून बघा, ४१-४२ सहज दाखवतो, आणि खिडकीजवळच्या शेल्फवर त्याहून जास्त. मग ४६ आणि ५२ मधलं अंतर हे मेणबत्ती राहणार की लापशी होणार इतकं मोठं आहे.

म्हणून मी ठरवलं की वासाचं नंतर बघू, आधी उष्णतेचं बघायचं.

मी आणलेल्या सगळ्या वॅक्सची आणि दुकानांची नावं इथे घेत नाही, कारण बॅच बदलली की माल बदलतो आणि उगाच कोणाबद्दल एका पिशवीवरून बोलणं बरोबर नाही. पण प्रकार सांगते. एक, मऊ कंटेनर वॅक्स, ४६-४९ वालं. दुसरं, जरा कडक कंटेनर वॅक्स, ५०-५२ वालं. तिसरं नारळ आणि सोया एकत्र असलेलं, एकदम क्रीमसारखं, फ्लेक्समध्ये न येता लाद्यांमध्ये येतं. चौथं कडक पिलर सोया. आणि पाचवं इथल्या इतवारी बाजारातून सुटं आणलेलं, गोणीतून मोजून दिलेलं, ज्याच्यावर फक्त "सोया" एवढंच लिहिलेलं होतं. पिलर सोया देताना इतवारीतले दुकानदार काका दोनदा म्हणाले, "ताई, हे ग्लासात नका टाकू बरं, आकसून सुटून येते, मग मला बोलाल." मी म्हटलं काका, मला तेच बघायचंय, तर हसून त्यांनी पाव किलो जास्तच बांधून दिलं.

सुट्या मालावर मेल्टिंग पॉइंट लिहिलेला नसतो, मग तो घरीच काढायची एक साधी युक्ती आहे आणि माझ्या मते प्रत्येक नवीन माणसाने ही सगळ्यात आधी करावी, मेणबत्ती ओतायच्याही आधी. स्टीलच्या वाटीत ५० ग्रॅम वॅक्स डबल बॉयलरवर, म्हणजे खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवून, पूर्ण पातळ करायचं, खाली उतरवायचं, त्यात थर्मामीटर धरून हळूहळू ढवळत राहायचं आणि दर मिनिटाला आकडा लिहायचा. आधी आकडे भराभर उतरतात, ६४, ६०, ५७, ५४, ५१, मग वेग कमी होतो, ४७, ४५, ४४, आणि मग एका ठिकाणी पारा जणू अडतोच, ४३, ४३, ४३, ४३, कधीकधी एखादा पॉइंट वरही सरकतो. त्याच वेळी वाटीतलं पारदर्शक तेल आधी ढगाळ होतं आणि मग दाट दुधासारखं होतं. घट्ट होताना वॅक्स स्वतःची उष्णता बाहेर सोडतं म्हणून पारा थांबतो. हा आकडा माहितीपत्रकातल्या मेल्टिंग पॉइंटपेक्षा थोडा खालीच येतो, कारण तेला-तुपाचे पदार्थ वितळतात त्यापेक्षा कमी तापमानाला गोठतात, त्यामुळे तो आकडा तसाच्या तसा मेल्टिंग पॉइंट समजायचा नाही. पण सगळी वॅक्स एकाच वाटीत, एकाच थर्मामीटरने केली की कोण मऊ कोण कडक हे एका दुपारी समोर येतं. इतवारीचा सुटा माल या टेस्टमध्ये वेगळाच वागला. ५६ च्या आसपासच वर साय धरायला लागला आणि मग खाली जाऊन पुन्हा एकदा रेंगाळला. दोन ठिकाणी थांबणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींचं मिश्रण असावं असा माझा अंदाज, बहुतेक पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियममधून निघणारं साधं मेण. शिवाय सोया वॅक्सची भांडी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने बऱ्यापैकी निघतात, याची वाटी घासून घासूनही गुळगुळीत मेणचट राहिली. पॅराफिन मिसळणं हा काही गुन्हा नाही, वास चांगला फेकतं ते, पण मग पिशवीवर तसं लिहावं.

ओतायच्या बाबतीत मी एक नियम धरून ठेवला तो शेवटपर्यंत सोडला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ग्लास सगळे सारखे, ७ सेंटिमीटर रुंदीचे, जाड तळाचे. वॅक्स १६० ग्रॅम, काट्यावर मोजून, मिलीत नाही. फ्रॅग्रन्स ऑइल, म्हणजे सुगंधी तेल, ८ टक्के म्हणजे १२.८ ग्रॅम, हेही काट्यावरच, आणि त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावाच लागतो, किचनचा साधा काटा इथे कामाचा नाही. वॅक्स ८५ डिग्रीपर्यंत तापवून गॅस बंद, मग तेल घालून दोन मिनिटं हलक्या हाताने ढवळायचं, फेटायचं नाही, हवा जाते. फ्लॅश पॉइंटच्या वर तापलेल्या वॅक्समध्ये तेल घातलं की वास उडून जातो असं बरेच जण सांगतात, पण फ्लॅश पॉइंट म्हणजे जवळ ज्योत आणली तर वाफ पेट घेईल ते तापमान, तेवढ्याने सुगंध संपत नाही. आग जवळ नको हे मात्र शंभर टक्के. आणि वॅक्स कधीही थेट गॅसवर ठेवायचं नाही, खाली पाण्याचं पातेलं हवंच, चुकून पेटलं तर पाणी मारायचं नाही, झाकण ठेवायचं. उरलेलं वॅक्स सिंकमध्ये ओतायचं नाही, पाइपात जाऊन गोठतं. हे सगळं माहीत असतं लोकांना, तरी लिहिते.

ग्लासाच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी, त्यावर तारीख, वॅक्सचा नंबर, विकचा म्हणजे वातीचा नंबर, तेल किती टक्के, ओतलं किती डिग्रीला. ही पट्टी नसेल तर आठवड्याने सगळे ग्लास सारखेच दिसतात.

मग नवतपा लागला. २५ मे पासूनचे ते नऊ दिवस इथे किती जपून काढावे लागतात ते नागपूरकरांना सांगायला नको. मी प्रत्येक वॅक्सचा एक ग्लास मधल्या खोलीत ठेवला होता, एक हॉलमध्ये शेल्फवर आणि एक मुद्दाम पश्चिमेच्या खिडकीजवळ, जिथे दुकानदार किंवा गिऱ्हाईक सहज ठेवून देईल. खिडकीजवळच्या मऊ वॅक्समध्ये दुपारी साडेतीनला बोट टेकवलं तर अर्धं नख आत गेलं, वर तेलाचे बारीक बारीक थेंब दवासारखे जमलेले, आणि विक एका बाजूला कललेली. नारळ-सोयाचं तर वरून अर्ध्या इंचापर्यंत पातळच झालं होतं. रात्री दोन्ही पुन्हा घट्ट झाले पण पहिल्यासारखे नाहीत, वर रवाळ, मध्ये खळगा, आणि वास बघितला तर सुगंधाचा सगळा जोर वरच्या थरात. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं असं रोज चाललं की आतले स्फटिक पुन्हा पुन्हा नव्याने बसतात आणि प्रत्येक वेळी जास्त जाड होतात, त्यामुळे तो रवाळपणा येतो. मधल्या खोलीत हीच दोन वॅक्स बरी राहिली, नुसती मऊ पडली. ५०-५२ वालं हॉलमध्ये छान राहिलं, खिडकीत किंचित घाम आला तेवढाच. पिलर सोया कुठेही हललं नाही, पण इतवारीच्या काकांनी सांगितलं तसं ग्लासापासून सुटून मध्ये ठोकळ्यासारखं उभं होतं, ग्लास हलवला की खडखड वाजायचं.

इथे मला जे कळलं ते असं की आपल्यासारख्या गावात वॅक्स निवडताना सुगंध कसा धरतं हे नंतर विचारायचं, आधी मेल्टिंग पॉइंट विचारायचा, आणि तो सांगता येत नसेल त्याच्याकडून घ्यायचं नाही. व्हिडिओत जे वॅक्स पहिल्या नंबरवर असतं ते विदर्भात मार्च ते जून निव्वळ साठवायलाही अवघड आहे. कुरिअरने मुंबईला किंवा पुण्याला पाठवायचं असेल तर विषयच संपला, गाडीच्या बंद डब्यात दुपारी किती तापतं याची कल्पना करा.

जाळायच्या टेस्टचं वेगळंच प्रकरण. मेणबत्ती वाऱ्यात जाळून काही कळत नाही, ज्योत नाचते, एका बाजूने काजळी धरते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे खिडकीतून येणारं वादळच. कूलर बंद करून ४० डिग्रीत चार तास बसणं शक्य नाही, म्हणून मी रात्री अकरानंतर आतल्या खोलीत दार लावून जाळायचे आणि मधून मधून जाऊन बघायचे, वही हातात. चार तास जाळायचं, विझवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, विक ५ मिलिमीटर ठेवून बाकी कापायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. ग्लास संपेपर्यंत. पहिल्या जाळण्यावर मेणबत्ती पास करणं मला अजिबात पटत नाही, कारण खरी परीक्षा शेवटच्या इंचभरात असते. तिथे ज्योत ग्लासात खोल असते, उष्णता आत कोंडते आणि वर एकदम शहाण्यासारखी जळणारी मेणबत्ती खाली गेल्यावर ग्लास हात लावू नये इतका तापवते.

विकच्या बाबतीत तर ऋतूचा इतका परिणाम होईल असं मला वाटलं नव्हतं. सीडी सिरीजच्या कॉटन विक घेतल्या होत्या, १०, १२ आणि १४, नंबर मोठा तशी वात मोठी. मे महिन्यात ५०-५२ वाल्या वॅक्समध्ये सीडी १० ने तीन तासांत कडेपर्यंत वितळलेल्या वॅक्सचं तळं, म्हणजे पूल, दिला, खोली अर्धा इंचाच्या आत, ज्योत शांत. अगदी हवं तसं. तोच ग्लास, तेच तेल, तीच विक जानेवारीत लावली तर कडेला बोटभर न वितळलेलं वॅक्स तसंच राहून मध्ये बोगदा पडला. कारण उघड आहे, खोली ४० ला असते तेव्हा वॅक्सला वितळायला आणखी दहा-बारा डिग्रीच चढायचं असतं, थंडीत १६-१७ वरून चढायचं तर तीच ज्योत पुरत नाही. थंडीत सीडी १४ बरोबर बसली, आणि तीच १४ मे मध्ये लावली तर पूल इतका खोल गेला की ज्योत मोठी होऊन विकच्या टोकावर काळी गाठ धरायला लागली. सोया वॅक्सला काजळी येत नाही म्हणतात ना, विक मोठी झाली की येते, कुठल्याही वॅक्सला येते. शेवटी मी वर्षाचा मध्य म्हणून सीडी १२ धरली आणि वही दोन रंगात लिहायला लागले, उन्हाळा लाल, हिवाळा निळा.

आणि थंडीत दुसरीच दुखणी येतात. ग्लासाच्या आतून ओले डाग पडल्यासारखे दिसतात. तिथे ओल वगैरे काही नसते, वॅक्स आकसून काचेपासून सुटलेलं असतं तेवढंच, वास आणि जळणं दोन्ही ठीक. मी ग्लास ओतायच्या आधी हलके गरम करून घेते, थंडीत ६५ ला ओतते आणि वरून पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालते म्हणजे हळू थंड होतं. उन्हाळ्यात ५२-५५ ला ओतलं तरी वर गुळगुळीत येतं. दुसरं म्हणजे फ्रॉस्टिंग, वॅक्सच्या अंगावर पांढऱ्या बर्फाची नक्षी उमटते. सोयात ती येणारच, स्फटिक एका ठेवणीतून दुसऱ्या जास्त स्थिर ठेवणीत जातात त्याचं ते लक्षण आहे. रंग घातला तर जास्त उठून दिसते, म्हणून मी रंगच घालत नाही. मला तर ती नक्षी आवडते, पण दिवाळीत भेट म्हणून देताना समोरच्याला वाटतं जुना माल दिला, हेही खरं.

आता वासाकडे येते, कारण शेवटी लोक मेणबत्ती त्यासाठीच घेतात.

नागपूरला राहून संत्रा केलाच पाहिजे, मी तोच पहिला घेतला. थंड असताना झाकण उघडलं की काय सुंदर वास, अगदी साल सोलल्यासारखा, आणि पेटवली की अर्ध्या तासात खोलीत काहीच नाही. वॅक्स बदलून बघितलं, ८ चे १० टक्के केले, क्युअर जास्त दिवस ठेवलं, म्हणजे ओतल्यावर न पेटवता तसंच मुरू दिलं, थोडाफार फरक पडला पण संत्र्याचा वास खोलीभर झाला नाही. संत्र्याच्या तेलात मुख्य असतं ते लिमोनीन, अतिशय हलकं, पटकन उडणारं. १० टक्क्यांच्या वर जाऊन उपयोग नाही, वॅक्स तेवढं धरून ठेवू शकत नाही आणि जास्तीचं तेल वर सुटतं. मग मी खस घेतला. हा विचार मला कूलरवरूनच आला, खसच्या ताट्या पाण्याने भिजल्या की पहिल्या दिवशी जो वास येतो तो इथल्या माणसाला आयुष्यभर उन्हाळ्याचा वास असतो. खरं खसचं तेल फार महाग आणि घट्ट, विक तुंबवू शकतं, म्हणून मी फ्रॅग्रन्स ऑइलच घेतलं. खसचे वासाचे घटक जड, सावकाश उडणारे. झाकण उघडल्यावर तो लाजराच वाटतो, पण पेटवून पाऊण तास झाला की खोलीत भरतो आणि विझवल्यावरही राहतो. मग दोघांना एकत्र केलं, तीन भाग संत्रा एक भाग खस, आणि खसने संत्र्याला धरून ठेवलं, एकटा उडून जात होता तो आता तासभर तरी कळतो. हा वास मला इतका आवडलाय की बाकीचे सुगंध मी सध्या बाजूलाच ठेवलेत. मोगरा मात्र कुठल्याही वॅक्समध्ये दणकून येतो, त्याला ६ टक्के पुरे. व्हॅनिलाने वॅक्स हळूहळू तपकिरी होतं, व्हॅनिलिनमुळे, ते थांबत नाही.

वास तपासताना स्वतःच्या नाकावर विसंबायचं नाही, दिवसभर त्याच वासात बसलं की आपल्याला काही कळतच नाही. माझी भाची शाळेतून आली की मी तिला त्या खोलीत पाठवते, न सांगता. एकदा संत्रा-खस लावला होता तर दारातूनच ओरडली, "मावशी, कूलर लावला का गं, आणि संत्री कोणी सोलली?" मी लगेच वहीत लिहून घेतलं, वॅक्स दोन, सीडी १२, ८ टक्के, क्युअर दोन आठवडे.

क्युअरचं खरंच महत्त्व आहे. ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी पेटवलेली आणि दोन आठवड्यांनी पेटवलेली यांच्यात सोयाच्या बाबतीत मोठा फरक पडतो, पॅराफिनला इतका थांबावं लागत नाही. मऊ वॅक्स वासाच्या बाबतीत सगळ्यात उजवं निघालं, हे कबूल करायलाच हवं, आणि नारळ-सोया त्याच्याही पुढे. कडक होत गेलं तसा वास थोडा कमी फेकला गेला. म्हणजे ज्याला उष्णता सोसते त्याचा वास जरा मागे, ज्याचा वास पुढे त्याला उष्णता सोसत नाही. ही ओढाताण मला बरेच महिने सुटली नाही.

सुटली ती मिश्रणाने. ५०-५२ वालं कंटेनर वॅक्स ८० टक्के आणि पिलर सोया २० टक्के. ३० टक्क्यांपर्यंत जाऊन बघितलं, तिथे ग्लास सोडायला लागतं. १० ला उन्हात फारसा फरक दिसत नाही. २० वर खिडकीजवळचा ग्लाससुद्धा दुपारी बोटाने दबला नाही, घाम नाही, विक सरळ, आणि संत्रा-खस भाचीला दारातून कळतो. मधमाशीचं मेणही ५ टक्के घालून बघितलं, ते ६२ ते ६४ ला वितळतं त्यामुळे ताठपणा चांगला येतो, पण त्याचा स्वतःचा मधासारखा वास खसच्या मध्ये येतो आणि किमतीतही परवडत नाही. स्टिअरिक ऍसिड घातलं तर वॅक्स कडक झालं पण ठिसूळही झालं, मला ते आवडलं नाही. थंडीत मात्र मी पिलर सोया घालतच नाही, नुसतं ५०-५२ वालं, आणि सीडी १४. एकाच मेणबत्तीच्या दोन पाककृती ठेवायच्या म्हणजे काम वाढतं, पण फेब्रुवारीत केलेली मेणबत्ती कोणाच्या घरी मे पर्यंत पडून राहणार हे धरून मी होळीच्या आधीच उन्हाळ्याच्या मिश्रणावर येते.

आमचे काका कारंज्याला सोयाबीन लावतात. मी हे सगळं दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "आपल्या सोयाबीनचं होते का हे?" होतं, नक्की होतं. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं, बाकीची पेंड कोंबड्यांना आणि जनावरांना जाते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, आणि बाजारात तो मिळवायला शेतकऱ्याला किती झगडावं लागतं ते काकांकडे बसलं की कळतं. वाशिम, यवतमाळ, अमरावती, तिकडे लातूर, सगळा सोयाबीनचा पट्टा, आणि मी मेणबत्तीसाठी ज्या वॅक्सचे आकडे अभ्यासते ती नावं सगळी बाहेरची. वनस्पती तूप करायचं ज्ञान आपल्याकडे किती दशकांपासून आहे. इथल्याच तेलाचं, इथल्याच उन्हाला सोसेल असं ५४-५५ डिग्रीचं कंटेनर वॅक्स कोणी तरी विदर्भात बनवावं, मला मनापासून वाटतं, पहिली गोणी मी घेईन.

सध्या दिवाळीची तयारी चाललीय. ऑक्टोबर हीटमध्ये ओतायचं आणि नोव्हेंबरच्या थंडीत लोक पेटवणार, म्हणजे पुन्हा मधलाच हिशोब. कंटेनर ९० ला पिलर १० असं मिश्रण, सीडी १२, संत्रा-खस ८ टक्के, ग्लास तेच. त्यातले चार ग्लास क्युअरला ठेवलेत, दोन मधल्या खोलीत आणि दोन गच्चीच्या जिन्यात जिथे रात्री गार होतं. जिन्यातल्यांना सीडी १२ पुरली नाही तर सगळी बॅच १४ वर न्यावी लागेल, आणि तसं झालं तर विक आत्ताच मागवायला हव्यात, कारण दिवाळीच्या तोंडावर इतवारीत १४ नंबर मिळत नाही.